बातमी नेमकी कुणापासून लपवली? युद्धकाळातला सेन्सॉर आणि लोकांचं मनोधैर्य

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचे आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते, १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटातून ते वाचले, आणि "एवढं सगळं झालं तरी बाहेरगावी कुणाला धड पत्ता नव्हता" असं ते शेवटपर्यंत सांगत. तुमच्या मित्राचं म्हणणं असं की युद्धात लोक घाबरू नयेत म्हणून सरकारला हे करावंच लागतं, आणि लंडनवर रोज बॉम्ब पडत असूनही ब्रिटिश माणूस खचला नाही तो याच धोरणामुळे. हे खरं का, आणि योग्य होतं का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या महायुद्धातली वर्तमानपत्रं आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यांची दप्तरं वाचण्यात माझी हयात गेली आहे. त्या कामाच्या अनुभवावरून उत्तर देते.

"सेन्सॉर योग्य की अयोग्य" अशी चर्चा कुठेच पोहोचत नाही, कारण त्या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं चालतात. शत्रूच्या हाती माहिती लागू नये म्हणून बातमी अडवणं हे एक. आपल्याच लोकांना ती कळू नये म्हणून अडवणं हे दुसरं. कागदावर दोन्हींचं कारण सारखंच दिसतं. युद्धकाळात हिंदुस्थानात लागू असलेल्या भारत संरक्षण नियमांत 'घातक' मजकुराची जी व्याख्या होती तिच्यात शत्रूला उपयोगी पडेल ते, जनतेत भीती पसरवेल ते आणि सरकारबद्दल अप्रीती निर्माण करेल ते, असं सगळं एकत्रच बसवलेलं होतं. त्यामुळे फाइलवर 'घातक' असा शेरा दिसला की मी पहिला प्रश्न हाच विचारते: ही बातमी शत्रूला आधीच ठाऊक होती का? असेल, तर ती दुसऱ्याच कुणापासून लपवली जात होती.

पहिल्या प्रकाराला माझा विरोध नाही. ब्रिटनमध्ये युद्ध सुरू होताच हवामानाचे अंदाज छापणं बंद झालं. विमानं पाठवणाऱ्या शत्रूला उद्याचं आकाश कसं आहे हे कशाला सांगायचं? जहाजांच्या हालचाली, पलटणींची ठिकाणं, कारखान्यांचे पत्ते यांचंही तेच. तिथली पद्धत बरीचशी ऐच्छिक होती. कोणत्या विषयावर लिहिताना आधी विचारायचं याच्या सूचना संपादकांकडे असत, आणि शंका असेल तो मजकूर ते मुख्य सेन्सॉर रिअर ॲडमिरल जॉर्ज थॉमसन यांच्या कचेरीकडे पाठवत. मतावर नाही, माहितीवर बंधन, असं तत्त्व होतं. ते नेहमी पाळलं गेलं असं मात्र नाही. जानेवारी १९४१ मध्ये 'डेली वर्कर' बंद करण्यात आलं, आणि १९४२ मध्ये एका व्यंगचित्रावरून 'डेली मिरर'ला बंदीची ताकीद मिळाली. ही दोन्ही मतांवरचीच कारवाई होती.

या पहिल्या प्रकारातलं सगळ्यात अवघड उदाहरण जून १९४४ पासून लंडनवर येऊ लागलेल्या व्ही-१ उडत्या बॉम्बचं आहे. ते कुठे पडतात हे जर्मनांना नेमकं कळलं असतं तर त्यांनी नेम सुधारला असता. म्हणून वर्तमानपत्रं फक्त "दक्षिण इंग्लंड" एवढंच छापत. दुसरीकडे ब्रिटिशांच्या ताब्यातले दुहेरी हेर जर्मनांना कळवत होते की बॉम्ब लंडनच्या पलीकडे जाऊन पडताहेत. हेतू असा की जर्मनांनी पल्ला आणखी कमी करावा आणि बॉम्ब मध्य लंडनच्या अलीकडेच पडावेत. अलीकडे म्हणजे दक्षिण लंडनच्या वस्त्यांवर. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी यावर आक्षेप घेतला होता, की कोणत्या वस्तीने मरायचं हे आपण ठरवायचं का? त्या आक्षेपाला सोपं उत्तर नव्हतं, आजही नाही. तरीही इथे निदान एक गोष्ट स्वच्छ आहे: लपवलेली माहिती शत्रूकडे नव्हती, आणि मिळाली असती तर जास्त माणसं मेली असती.

आता दुसरा प्रकार. १७ जून १९४० ला फ्रान्सच्या सँ-नाझेर बंदराबाहेर 'लँकास्ट्रिया' हे जहाज जर्मन विमानांनी बुडवलं. त्यावर माघार घेणारे ब्रिटिश सैनिक आणि काही नागरिक खच्चून भरलेले होते. हजारो माणसं बुडाली. नेमका आकडा आजही कुणाकडे नाही, पण किमान तीन-चार हजार. फ्रान्स कोसळण्याचा तो आठवडा. चर्चिल यांनी बातमी थांबवली. वर्तमानपत्रांत आजच्यापुरती पुरेशी संकटं आहेत, असा त्यांचा विचार होता, आणि पुढे घटना इतक्या वेगाने घडल्या की बंदी उठवायचं राहून गेलं, असं त्यांनीच नंतर लिहून ठेवलं. जुलैच्या अखेरीस अमेरिकेत बातमी छापून आली, तेव्हा कुठे ब्रिटिश वाचकाला कळलं. जहाज बुडवणाऱ्या जर्मनांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाच-सहा आठवडे अंधारात राहिले ते सैनिकांच्या घरचे लोक.

जून १९४० ची परिस्थिती मी हलकी लेखत नाही. स्वारी कधीही होईल अशा अवस्थेत एक-दोन दिवस थांबण्याचा निर्णय मीसुद्धा समजू शकते. पण दोन दिवसांच्या बंदीवर उठवण्याची तारीख घातली नाही, तर ती आपोआप दोन महिन्यांची होते. दप्तरं वाचताना हे इतक्यांदा दिसतं की आता मी बंदीच्या हुकमात आधी मुदतच शोधते.

याहून बोलकं प्रकरण बेथनल ग्रीनचं आहे. ३ मार्च १९४३ च्या रात्री पूर्व लंडनमध्ये भोंगा वाजला. लोक भुयारी रेल्वेच्या स्टेशनात आसऱ्याला निघाले. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा मारा सुरू झाला. तो आवाज लोकांच्या ओळखीचा नव्हता. जिन्यावर अंधुक उजेड, मधोमध धरायला कठडा नाही, पायऱ्या ओल्या. खालच्या बाजूला कुणीतरी अडखळून पडलं, मागून माणसं येतच राहिली, आणि काही मिनिटांत त्या छोट्याशा जिन्यात १७३ माणसं गुदमरून मेली. त्यातली ६२ मुलं होती. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता.

अपघात झाल्याचं जाहीर झालं, पण ठिकाणाचं नाव लगेच दिलं नाही. न्यायदंडाधिकारी लॉरेन्स डन यांनी काही आठवड्यांतच चौकशी पुरी केली, पण तो अहवाल थेट १९४५ पर्यंत दाबून ठेवला गेला. शत्रूला प्रचाराची संधी मिळेल, हे कारण. आता पाहा, इथे शत्रूला काय कळणार होतं? एका स्टेशनचा जिना अरुंद आहे, एवढंच. दडलं ते वेगळंच: ते प्रवेशद्वार धोक्याचं आहे असं स्थानिक नगरपालिकेने १९४१ मध्येच वर कळवून दुरुस्तीची परवानगी मागितली होती, आणि ती नाकारली गेली होती. अहवाल बंद राहिल्यामुळे गावाने दोष नगरपालिकेलाच दिला, आणि तिला तोंड उघडायची मुभा नव्हती. मनोधैर्याच्या नावाखाली इथे वरिष्ठ कचेरीची चूक झाकली गेली. ज्या आईबापांची मुलं त्या जिन्यावर गेली त्यांना कारण कळायचा हक्क होता, आणि तो डावलला गेला याचा राग मला प्रत्येक वेळी येतो.

मग तुमच्या मित्राचा मुख्य मुद्दा: लोक खचले नाहीत ते बातम्या दडपल्यामुळे? याचं उत्तर ब्रिटिश सरकारच्याच कागदांत आहे. माहिती मंत्रालयात 'होम इंटेलिजन्स' नावाचा विभाग होता. लोक दुकानांत, रांगांत, दारूच्या गुत्त्यांत काय बोलतात याचे अहवाल तो नियमित तयार करी. त्याचे प्रमुख स्टीफन टेलर यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये निष्कर्ष काढला की मनोधैर्य मुख्यतः अन्न, ऊब, काम, विश्रांती, सुरक्षितता या रोजच्या गोष्टींवर टिकतं. घर पडल्यावर रात्री कुठे झोपायचं, गरम जेवण कुठे मिळेल, नुकसानभरपाईचा अर्ज कुठे द्यायचा, याचं उत्तर मिळालं की माणूस सावरतो. पोस्टर आणि भाषणं त्याच्या खालच्या पायरीवर. आज कपांवर आणि टी-शर्टांवर दिसणारं 'कीप काम अँड कॅरी ऑन' हे पोस्टर १९३९ मध्ये सुमारे २४ लाख ५० हजार छापलं गेलं होतं, पण ते भिंतींवर जवळजवळ लागलंच नाही. बहुतेक प्रती लगद्यात गेल्या. तेव्हा ब्रिटिश धैर्याचं श्रेय त्याला देता येणार नाही.

उलट दडपणीमुळे धैर्य खचल्याच्या नोंदी त्या अहवालांत आहेत. कॉव्हेंट्रीवर १४ नोव्हेंबर १९४० ला भीषण हल्ला झाला, पाचशेच्या वर माणसं मेली, आणि सरकारने शहराचं नाव ताबडतोब जाहीर केलं. जगभर सहानुभूती उसळली. हल शहरावर मात्र पुन्हापुन्हा बॉम्ब पडूनही ते बातमीत "ईशान्य किनाऱ्यावरचं एक गाव" एवढंच राहिलं. आपण मरतोय आणि देशाला आपलं नावही माहीत नाही, ही हलच्या लोकांची खंत युद्धानंतरही गेली नाही. आणखी एक: जुलै १९४० मध्ये अफवा आणि निराशेचं बोलणं याविरुद्ध सरकारने मोहीम उघडली, साध्या बोलण्यावरून लोकांवर खटले झाले. लोक इतके चिडले की महिन्याच्या आतच चर्चिल यांना ती गुंडाळावी लागली.

इथवरचं सांगायचं तर, शत्रूपासून माहिती लपवणं बऱ्याचदा समर्थनीय असतं; लोकांपासून लपवल्याने धैर्य वाढलं, याला मात्र त्या सरकारच्या स्वतःच्या पाहणीतही फारसा आधार नाही.

पण हे सगळं ब्रिटनचं झालं, जिथे निदान सरकार लोकांचं होतं. हिंदुस्थानात प्रश्नच बदलतो. इथे युद्धात उतरायचा निर्णय लोकांना न विचारता झाला होता. 'मनोधैर्य' म्हणजे इथे राज्यकर्त्यांवरचा विश्वास, आणि तो टिकवायचा म्हणजे राज्याविरुद्धची बातमी थोपवायची. दिल्लीत मुख्य प्रेस ॲडव्हायझर (काय छापायचं, काय नाही हे वर्तमानपत्रांना सांगणारा सरकारी अधिकारी), प्रांतोप्रांती त्याच्या हाताखालचे सल्लागार, नोव्हेंबर १९४० मध्ये संपादकांची स्वतःची परिषद, आणि या दोघांत समजुतीचा करार. ऑगस्ट १९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनातल्या धरपकडीनंतर तो करार किती पातळ होता ते उघडं पडलं.

विदर्भातल्या वाचकांना आष्टी-चिमूर सांगायला नको. १६ ऑगस्ट १९४२ नंतर चिमूरमध्ये लष्कर आणि पोलिसांनी केलेल्या अत्याचारांची, विशेषतः स्त्रियांवरच्या, चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भणसाळी यांनी उपोषण आरंभलं. सरकारने त्या उपोषणाच्या बातमीवरच बंदी घातली. एक माणूस वर्ध्याजवळ उपाशी बसलाय हे कळल्याने जपानला कोणता फायदा होणार होता? संपादक परिषदेने या बंदीविरुद्ध ६ जानेवारी १९४३ ला एक दिवस वर्तमानपत्रं बंद ठेवण्याची हाक दिली, आणि देशभर कित्येक पत्रांनी ती पाळली. उपोषण ६३ दिवस चाललं. त्या काळच्या पत्रांचे खंड चाळताना ही न निघालेल्या अंकाची तारीख समोर आली की मी नव्या अभ्यासकांना तिथे थांबायला सांगते. अंक गहाळ झालेला नाही, तो काढलाच नव्हता. दप्तरात ही गोष्ट नोंदवली नाही तर पुढचा माणूस ती रिकामी जागा वाळवीच्या खात्यावर टाकतो.

बातमी अशी अडवली की ती दुसरी वाट काढते. मुंबईत २७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत, नोव्हेंबरात पोलिसांच्या हाती लागेपर्यंत. चितगाववरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूर: वर्तमानपत्रांत न येणारं ते तिथून ऐकू आलं. त्यांचा ट्रान्समीटर फार दूर पोहोचत नसे. तरीही लोक कान देऊन ऐकत, कारण अधिकृत बातम्यांत आपल्या डोळ्यांदेखत घडलेलंही येत नव्हतं.

आणि बंगालचा दुष्काळ. १९४३ मध्ये कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरून पडत असताना सरकारने दुष्काळ संहितेनुसार, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याच्या नियमांनुसार, दुष्काळ कधी जाहीरच केला नाही. 'स्टेट्समन'चे ब्रिटिश संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ ला भुकेने मरणाऱ्या माणसांची छायाचित्रं छापली, तेव्हा दिल्ली आणि लंडन हलली. पुढे चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला. नंतरचे अभ्यासक तो ३० लाखांपर्यंत नेतात. ही बातमी चार महिने आधी सगळीकडे पोहोचली असती तर धान्य हललं असतं आणि माणसं वाचली असती, असं माझं ठाम मत आहे. मनोधैर्यासाठी मौन पाळण्याची इतकी मोठी किंमत मला दुसऱ्या कुठल्या फाइलीत दिसलेली नाही.

आता तुमच्या आजोबांच्या गोदीकडे येते. 'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज व्हिक्टोरिया डॉकला लागलेलं होतं. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. अशी सरमिसळ एकाच जहाजात. १४ एप्रिलला दुपारी आग दिसली, बंब आले, पण आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून आजही देशभर पाळतात तो त्यांच्यासाठी. एकूण मृतांचा आकडा ८०० पासून १३०० पर्यंत सांगितला जातो. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले.

माझी नेहमीची परीक्षा इथे लावू. शत्रूला ठाऊक होतं का? दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने स्फोटाची तपशीलवार बातमी दिली. मुंबईला ठाऊक होतं का? आकाशातून जळता कापूस आणि लोखंड पडलं होतं, विचारायलाच नको. तरी सविस्तर हकिकती बाहेर पाठवायची परवानगी बातमीदारांना मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आजोबांची आठवण या तारखांशी तंतोतंत जुळते.

सरकारची बाजूही मांडते, कारण ती पोकळ नव्हती. मुंबई हे पूर्वेकडच्या युद्धाचं मोठं बंदर होतं. किती गोद्या निकामी झाल्या, किती जहाजं बुडाली, बंदर पुन्हा कधी चालेल, या गोष्टी जपानी आरमाराला मोलाच्या होत्या, आणि नेमका त्याच वेळी इंफाळ-कोहिम्याला वेढा पडलेला होता. गोदीतला नुकसानीचा तपशील काही आठवडे राखून ठेवणं मला मान्य आहे. पण स्फोट अपघाती होता, शहरावर हल्ला झालेला नाही, जखमी कोणकोणत्या इस्पितळांत आहेत, हे रत्नागिरीत, साताऱ्यात, कोकणातल्या ज्या घरांतली माणसं गोदीत राबत होती त्यांच्यापर्यंत अधिकृतपणे आणि ताबडतोब पोहोचायला हवं होतं. ही माहिती जपानच्या काडीच्या कामाची नव्हती.

प्रचाराबद्दल थोडंच. सरकारचा प्रचार चालतो की नाही हे त्याच सरकारच्या कालच्या बातम्यांवर ठरतं. पराभवाच्या बातम्याही देण्याचं धोरण बीबीसीने बऱ्याच अंशी सांभाळलं, म्हणून व्यापलेल्या युरोपात जीव धोक्यात घालून लोक ती ऐकत. जर्मनीत परदेशी रेडिओ ऐकणं १ सप्टेंबर १९३९ पासूनच गुन्हा होता. हिंदुस्थानात 'नॅशनल वॉर फ्रंट' या सरकारी प्रचारमोहिमेच्या सभा झाल्या, पत्रकं वाटली गेली, अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगितलं गेलं. पण ब्रह्मदेशातून चालत आलेल्या लाखो निर्वासितांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं गावोगाव सांगितलं होतं, आणि एप्रिल १९४२ मध्ये मद्रासमधून लाखो माणसं निघून गेली तेव्हा सरकारी कचेऱ्याही शहराबाहेर हलल्या होत्या. त्यानंतर पत्रकावर कोण विसंबणार?

मित्राशी बोलताना शत्रूपासून लपवणं आणि आपल्याच लोकांपासून लपवणं हा फरक धरून बोला. आणि आजोबांची गोष्ट लिहून काढणार असाल तर चार तारखा शेजारीशेजारी मांडा: घटना कधी घडली, शहराला कधी कळलं, शत्रूच्या रेडिओने कधी सांगितलं, आणि बाहेरगावच्या वर्तमानपत्रात ती सविस्तर कधी छापली गेली. एप्रिल-मे १९४४ ची मराठी पत्रं मुंबई-पुण्याच्या जुन्या ग्रंथालयांत बांधीव खंडांत किंवा मायक्रोफिल्मवर मिळतात. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात गृह खात्याच्या फाइली मागवता येतात. नुसता पहिल्या पानाचा मथळा पाहू नका. मदतनिधीची आवाहनं, हरवलेल्या माणसांच्या छोट्या जाहिराती, नुकसानभरपाईच्या सूचना हे आतल्या पानांवर असतं, आणि सेन्सॉरची नजर तिथे बरीच सैल असे. घरी आजोबांच्या त्या दिवसांतल्या पत्रांची पाकिटं असतील तर तीही जपून ठेवा: पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्र कधी निघालं ते कळेल, आणि कडेला चिकटपट्टी लावून पुन्हा बंद केलेलं पाकीट दिसलं तर ते वाटेत उघडून वाचलं गेलं होतं.